केबीहिट लाव की!

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सापाचा खेळ. कळ दाबली तर साप वळावा, नाही दाबली तर सरळ चालत राहावा, एवढंच मागणं. पण कळ वाचणारा सी भाषेतला गेटचार कळेची वाट बघत बसतो आणि साप जागीच ढिम्म. नेमके तेव्हाच मागे ऑफिसातले ज्येष्ठ सर.

"केबीहिट लाव की!"

कळ दाबलीय का, एवढंच न थांबता सांगणारं ते जुनं फंक्शन.

"सर, ते कॉनिओ.एच या हेडर फाइलमध्ये. लिनक्सवर नाही मिळत."

"नाही कसं? आम्ही टर्बो सीत लावायचो."

"ते डॉस होतं, सर."

"सी म्हणजे सी! स्क्रीन पुसायला सीएलआरएससीआर तरी टाकलंस का?"

डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम जाऊन जमाना झाला, तरी आपल्या कॉलेजांनी टर्बो सीची ती निळी खिडकी देव्हाऱ्यात ठेवली. त्याची फळं मी भोगतोय. सरांनी हात लांब करून डी दाबलं, मग एंटर. साप वळला, दोन घरं सरकला, पुन्हा थांबला.

"चालतंय की! युजरला सांग, दर वळणाला एंटर मारायचं."

एंटर येईपर्यंत अख्खी ओळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःकडे दाबून ठेवतो. नुसता 'वाट बघू नको' सांगणारा ओ_नॉनब्लॉक लावला तर कळ वाचणारा रीड थांबत नाही, पण कळही एंटरशिवाय हाती लागत नाही. टीसीगेटअ‍ॅटरने टर्मिनलच्या जुन्या सेटिंगची प्रत ठेवायची, आयकॅनॉन (ओळ अडवणं) आणि इको (टाइप केलेलं दाखवणं) काढायचे, व्हीमिन व व्हीटाइम (किती बाइटसाठी, किती वेळ थांबायचं) 0 करायचे आणि हे लागू करायला टीसीसेटअ‍ॅटर. आता रीड लगेच परततो: कळ नसेल तर 0. एवढ्यावर लूप फिरवला तर सीपीयूचा पंखा बोंबलतो, म्हणून आधी पोल, म्हणजे ठरावीक वेळ शांतपणे कळेची वाट बघणं, 100 मिलिसेकंदांचा. त्यातही कळ आली की पोल लवकर सुटतो, म्हणजे कळा बडवल्या की साप उधळतो; उरलेला वेळ मोजून पुन्हा पोललाच द्यायचा. गेटचार इथे नकोच, तो बाइट स्वतःच्या बफरात लपवतो आणि पोल म्हणतो काही आलंच नाही. बाणाची कळ तर एकटी येतच नाही, तीन बाइट येतात: 27, 91 आणि वरच्या बाणाला 65.

हे सगळं सरांना सांगितलं. "एवढं कशाला? एका ओळीचं काम!"

जुनी सेटिंग परत न लावता प्रोग्राम संपला, तर टाइप केलेलं दिसेनासं होतं. न दिसताच टर्मिनल ताळ्यावर आणणारी 'एसटीटीवाय सेन' ही कमांड लिहून एंटर मारायचं, झालं. पण मी तसं आंधळेपणाने लिहीत असतानाच सर पुन्हा मागे. "अरे, तुझा कीबोर्डच गेलाय!"

आणि परस्पर माझ्या नावाने नव्या कीबोर्डची मागणी नोंदवून मोकळे झाले. ती रद्द करायला आता मॅनेजरची मंजुरी लागते.