ताप आला तर आधी पिशवी थांबवा

‘रक्त चढवताना मुलाला ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन रक्त चालू ठेवावे’ हे मुलांना रक्त देण्यावरच्या एका लेखातले वाक्य धोकादायक आहे. तापमान 38 अंश सेल्सियसवर गेले आणि सुरुवातीपेक्षा 1 अंशाने किंवा जास्त वाढले, तर आधी रक्त थांबवायचे. शिरेतली सुई मात्र काढायची नाही. नवा सेट (नळी) लावून सलाइन चालू ठेवायचे. मग मुलाच्या मनगटावरची ओळखपट्टी, पिशवीचे लेबल आणि रक्तगट पुन्हा जुळवून पाहायचे. बहुतेकदा हा साधा ताप निघतो हे खरे, पण चुकीच्या गटाचे रक्त आणि जंतू असलेली पिशवी यांचीही सुरुवात तापानेच होते. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) 20 ते 24 अंशांवर साठवतात, म्हणून त्यांत जंतू वाढण्याची भीती जास्त. शंका असेल तर पिशवी सेटसकट रक्तपेढीत, सोबत मुलाच्या रक्ताचा नवा नमुना, आणि लघवी लाल-काळी आहे का ते पाहायचे. ‘कंबर दुखते’ ही चुकीच्या रक्ताची खूण तान्हे बाळ सांगणार नाही, आणि भूल दिलेल्या मुलात तर खाली गेलेला रक्तदाब किंवा जखमेतून झिरपणारे रक्त एवढीच खूण मिळते.

आणि वेगाबद्दल लेखात अवाक्षर नाही! लाल पेशी सहसा तासाला किलोमागे 5 मिलि, एकूण किलोमागे 10 ते 15 मिलि. हिमोग्लोबिन हळूहळू 5 ग्रॅमच्या (दर 100 मिलि रक्तात) खाली गेलेल्या मुलाला याहून सावकाश, थोडे थोडे द्यावे. नाहीतर फुप्फुसांत पाणी भरते, आणि वाढलेल्या श्वासाला ‘रिअ‍ॅक्शन’ समजून नुसते स्टेरॉइड टोचले जाते.