आधी बाग, मग ग्लास

वायनरीला जायचं म्हणजे रविवारी आरामात उठायचं, वाटेत झणझणीत मिसळ हाणायची आणि दुपारी दीडला पोचून थेट छत्रीखाली ग्लास घेऊन बसायचं, असा पुण्यात रिवाजच पडलाय. पाटसजवळ रोटी गावाला जा, नारायणगावकडे जा, नाहीतर सासवडच्या बाजूला एखाद्या फळबागेत, क्रम तोच. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मिसळीने जीभ बधिर, उन्हाने वाईन कोमट, आणि बाग फक्त फोटोपुरती. साडेनऊला बागेत शिरा, अकराला चाखायला बसा, एकला जेवा.

बाग बघायची तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर नुसती पालवी येते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिच्यानंतर घड धरतात. मे महिन्यात गेलात तर नुसता पाला दिसेल. आणि २६ जानेवारीची सुट्टी साधून निघू नका, त्या दिवशी ड्राय डे असतो! ऐन हंगामात हे दरवर्षी कुणाच्या तरी लक्षात राहत नाही.

वाईनची द्राक्षं पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो. मंडईतल्या थॉम्पसन किंवा सोनाकासारखे लांब, टपोरे मणी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. शिराझ या रेड वाईनच्या द्राक्षाचा घड तर करवंदांचा झुबका वाटावा. पण आंबट असतील हा समज खोटा, तोडणीला आलेला मणी खायच्या द्राक्षापेक्षा गोड लागतो, २२ ते २४ ब्रिक्स (म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर). बागायतदाराच्या खिशात गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच, तो मागून घ्या. मणी चिरडून दोन थेंब काचेवर टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून डोळा लावा. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तो आकडा म्हणजे गोडी. मग बी दाताखाली फोडून बघा. तपकिरी आणि कुरकुरीत निघाली तर घड तयार, हिरवी आणि तुरट निघाली तर साखर चढलीय, पण साल-बी अजून कच्ची आहे. हाच कच्चा तुरटपणा पुढे रेड वाईनमध्ये हिरड्यांना चिकटतो. मात्र विचारल्याशिवाय मणी तोंडात टाकू नका. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालू असतात, शेवटची कधी झाली ते बागवाल्यालाच ठाऊक. (द्राक्षं पायाने तुडवायचा खेळ मुलांसाठी ठीक आहे, त्या रसाची वाईन तुम्हाला कुणी पाजत नाही.)

आता फळांच्या वाईनबद्दल. "साखर घालून केलेली, म्हणजे नकली" असं ठामपणे सांगणारे भेटतात. गणित बघा. स्ट्रॉबेरीचा रस साधारण ८ ब्रिक्सचा. तो तसाच आंबवला तर जेमतेम ४ टक्के अल्कोहोल मिळेल आणि वाईन टिकणार नाही. म्हणून गोडी २१ पर्यंत नेतात, १०० किलो रसाला सुमारे साडेसोळा किलो साखर लागते. ती यीस्ट खातं आणि बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं. वाईन गोड लागते ती या साखरेमुळे नव्हे, किण्वन (आंबवणं) मध्येच थांबवलं किंवा शेवटी वरून गोडी दिली तर. तेव्हा विचारायचा प्रश्न "साखर घालता का" हा नाही, "शेवटी किती उरते" हा.

स्ट्रॉबेरीचा रंग नाजूक, वर्षभरात लालाचा विटकरी होतो. बाटलीवरची तारीख बघा, ताजीच घ्या. पुरंदरच्या अंजिराचं दुखणं वेगळं: पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला चिकट पदार्थ. आधी पेक्टिनेज एन्झाइम टाकून ते तोडलं नाही तर वाईन महिनोन्‌महिने गढूळच राहते. आणि फळ कुठल्या बहराचं ते विचारा. उन्हाळ्यातला मीठा बहार गोड, पावसाळ्यातला खट्टा बहार पाणचट.

चाखताना क्रम: स्पार्कलिंग, व्हाइट, रोझे, रेड, आणि गोड फळांची वाईन शेवटी. ती आधी घेतली तर पुढची प्रत्येक वाईन आंबट लागेल. व्हाइट ८ ते १० अंशांना, रेड १६ ते १८ ला. "रेड रूम टेंपरेचरला" हा युरोपातल्या थंड घरांचा नियम, मार्चमध्ये आपली खोली ३२ ची असते! बर्फात पाणीही घातलेली बादली मागा आणि रेडची बाटली दहा मिनिटं बुडवा, खुशाल. कोमट रेडमध्ये नाकाला आधी स्पिरिटच लागतं. ग्लास तिसरा हिस्साच भरा, दांड्याला धरा, वाऱ्याकडे पाठ करून वास घ्या. अत्तर, ओडोमॉस, गजरा, सगळं त्या दिवशी घरी. पारदर्शक बाटलीतली रोझे उन्हात ठेवलेली दिसली तर ती नको म्हणा, प्रकाशाने तिला उकडलेल्या कोबीचा वास येतो.

ड्रायव्हरचं आधी ठरवा. ४० मिलीचे पाच घोट म्हणजे २०० मिली, त्यात सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. साठ किलोच्या माणसाच्या रक्तात ढोबळ हिशेबाने १०० मिलीमागे ४५-५० मिलिग्रॅम, कायद्याची मर्यादा ३०. म्हणजे "फक्त चाखली" म्हणणाराही दिवे घाट उतरायच्या लायकीचा नसतो. चाखलेली वाईन थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, ते त्यासाठीच असतं.

बाटल्या घेतल्यात तर डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, बूच वर सरकतं आणि स्ट्रॉबेरीचा रंग तर घरी पोचेपर्यंतच उतरायला लागतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पायाशी ठेवा, एसीचा झोत तिकडे.