एक स्टार दिलेल्या भाऊंना : त्या दोन तासांचा हिशोब

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं की आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या वर्गात पंधरा दिवसात पोराला नुसती काटछाट शिकवली, शेवटच्या दिवशी दोन तास कम्प्युटरपुढे बसवून टक्के मोजायला लावले, अठराशे रुपये पाण्यात. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात तासभर ताटकळलात, आत या म्हटलं असतं तर आत तरी काय होतं, आधी लाईटच नव्हती तर कुलर कुठून चालणार.

पण ते "दोन तास" वाचून झोप लागली नाही भो, म्हणून आता सगळंच लिहितो.

व्हिडिओ कापून जोडून झाला की तो लगेच फाईल होऊन हातात येत नाही, त्याला रेंडर करावं लागतं. म्हणजे मशीन एकेक चित्र नव्याने तयार करतं, किती झालं ते स्क्रीनवर टक्क्यांत दिसतं. मी पहिल्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता की मोबाईलचं सेटिंग फुल एचडी आणि सेकंदाला ३० फ्रेमवर (फ्रेम म्हणजे एक चित्र) ठेवून शूटिंग करा, आमची मशीन साधी आहेत. तुमच्याकडून क्लिपा आल्या फोर के, ६० फ्रेमच्या. फुल एचडीच्या एका चित्रात २० लाखांवर ठिपके असतात, फोर केमध्ये बरोबर त्याच्या चौपट. आणि सेकंदाला ६० म्हणजे तीन मिनिटांच्या व्हिडिओत १०,८०० चित्रं झाली. बाकीच्या पोरांचं काम ३० फ्रेमचं, त्यांना तेवढ्याच तीन मिनिटांना ५,४०० लागली. तरी मी मुलाला म्हटलं होतं फुल एचडीत काढून देतो, लवकर होईल, तर तो म्हणाला पप्पांनी सांगितलंय एवढा महागाचा फोन आहे, फोर केच पाहिजे. (हे इथे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं गेलं. पोराला रागावू नका, त्याची काही चूक नाही.)

आता वेळ बघा. ४:४० ला रेंडर लावलं, बाकी चौघांचं आधीच झालं होतं. ५:२० ला लाईट गेली. दीपनगरचं वीज केंद्र आपल्या इथून हाकेच्या अंतरावर, तिथली वीज कुठे कुठे जाते, आमच्या गल्लीत मात्र उन्हाळ्यात अंधार. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे पण तो दोन पंखे आणि ट्यूबलाईटपुरता, कम्प्युटरला छोटा यूपीएस आहे तो दहा मिनिटं धरतो, तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन बंद करायचं. रेंडर अर्धवट सोडलं की ती एमपीफोर फाईल उघडतच नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. लाईट आली ५:५० ला, पुन्हा लावलं. तुम्ही ६:३५ ला पोराचा हात धरून निघालात, "राहू द्या तुमचा व्हिडिओ" म्हणून, तेव्हा स्क्रीनवर ९१ टक्के होतं. ६:४० ला फाईल तयार झाली. पाच मिनिटं भाऊ. बाकीच्या पोरांसमोर आणि दोघांच्या आयांसमोर तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही.

आणि लाईट नसताना तो रिकामा बसला नव्हता. अर्धा तास सगळे ओट्यावर होते, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगितले होते, रिक्षाचा, चिमण्यांचा, लांबून येणाऱ्या गाडीच्या हॉर्नचा, कारण चित्र लोक चालवून घेतात पण आवाज खराब असला की व्हिडिओ कोणी बघत नाही. लाईट आल्यानंतरचा पाऊण तास मात्र तो टक्के बघत बसला हे खरं आहे, मी त्या वेळी एका लग्नाच्या पार्टीशी फोनवर होतो. त्याला दुसरं काही काम द्यायला पाहिजे होतं. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या क्लिपा छोट्या करून घेतल्या असत्या तर ही वेळच आली नसती, ती चूक माझी.

"नुसती काटछाट" म्हणालात. अहो एडिटिंग म्हणजे काटछाटच की. कुठे कापायचं, किती ठेवायचं, कोणता शॉट आधी. पोरं पहिल्या दिवशी येतात ती इफेक्ट पाहिजेत म्हणून, पान उलटलं पाहिजे, बदाम फिरला पाहिजे. लग्नाच्या शूटिंगमध्ये मी स्वतः इतके बदाम फिरवलेत की देव माफ करो. म्हणूनच नववी-दहावीच्या पोरांना तिथून सुरुवात करू देत नाही. आणि सॉफ्टवेअर वापरतो ते दा विंची रिझॉल्व्हची फुकटातली आवृत्ती, चोरीचं सॉफ्टवेअर टाकून शिकवणं मला जमत नाही. गाणीसुद्धा यूट्यूबच्या फुकट लायब्ररीतूनच घ्यायला लावतो.

तुमच्या मुलाने काय केलंय माहितीये का? आजोबा बागेत केळीचे घड कापतायत त्याचा व्हिडिओ आहे. सुरुवातीला पडद्यावर नुसती खाटेवरची पाण्याची कळशी दिसते, मागून कोयत्याचा आवाज येतो, खच् खच्, आणि मग आजोबा दिसतात. आवाज आधी, चित्र मागून, याला आमच्यात जे-कट म्हणतात. मी वर्गात एकदाच दाखवला होता, वापरायचं त्याचं त्यानेच ठरवलं. पंधरा दिवसातली काटछाट ती ही.

फीचं म्हणाल तर रोज दीड तास, १५ दिवस, म्हणजे साडेबावीस तास, तासाला ८० रुपये पडतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन सुट्ट्या दिल्या त्या रविवारी भरून काढल्या. तेव्हा लग्नसराई होती, दुपारच्या दोन ऑर्डरी मी सोडल्या, ते जाऊ द्या, तो माझा प्रश्न.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून साकेगावचे एक जण दिवाळीच्या बॅचची चौकशी करायला येणार होते ते आलेच नाहीत. त्याच कारणाने असं म्हणत नाही, पण माणूस वाचतो आणि पुढे जातो. माझं सगळं घर या पाच मशीनवर चालतं.

मोठा इन्व्हर्टर बघतोय, शेवटच्या दिवसाच्या वेळेचंही काहीतरी करू, दोन दिवसात वाटून घेऊ असा विचार आहे.

मुलाचा लाल टोपणाचा पेनड्राईव्ह अजून माझ्या टेबलावर आहे, व्हिडिओ त्यात टाकून ठेवलाय, फोर केमध्येच. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, बुधवारी बंद. येताना आजोबांनाही आणा, मोठ्या स्क्रीनवर लावतो.