चुका आहेत, म्हणून डाव टाकाऊ?

बुद्धिबळाचं वेड असलेली चार माणसं आपापला लाडका डाव सांगू लागली की एक दावा हमखास पुढे सरकवला जातो. तो साधारण असा: जुने गाजलेले डाव इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामला दाखवा, चुकांनी भरलेले निघतात, हरणारे बहुतेक कच्चे होते, लोक फक्त बलिदानांवर भाळतात, आणि आज त्या डावांतून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. यातला थोडा भाग खरा आहे, म्हणून तर तो इतका पसरतो.

‘इंजिनाने चुका उघड केल्या.’

झाकलेल्या कधी होत्या? अँडरसन विरुद्ध किझेरित्स्की, लंडन, १८५१. ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जाणारा हाच. अँडरसनने उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर देऊन २३ व्या चालीवर मात केली. त्यातली १८ वी चाल, उंट डी६ वर (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८), हल्ली चूक म्हणून लाल खुणेसह दाखवली जाते, जणू काल-परवाच शोध लागला. पण तिथे काळ्याने आधी ए१ वरचा हत्ती शहासकट मारला असता तर चित्र बदललं असतं, हे पुढे पहिला विश्वविजेता झालेल्या स्टाइनिट्झने १८७९ मध्येच दाखवलं होतं. संगणक नव्हता, वीज घरोघरी पोचलेली नव्हती, तरी माणसांनी हा डाव उकलून पाहिला, चूक दाखवली आणि तरीही तो आवडता ठेवला. म्हणजे ‘भाबड्या भक्तांना सत्य माहीत नव्हतं’ हा दाव्याचा पायाच कच्चा आहे.

अलीकडचा डाव घ्या, म्हणजे मुद्दा अधिक नीट दिसेल. कास्पारोव्ह विरुद्ध टोपालोव्ह, नेदरलँड्समधलं विक आन झी, १९९९. पांढऱ्याच्या २४ व्या चालीला कास्पारोव्हने हत्तीने डी४ वरचं प्यादं मारलं आणि हत्ती तसाच मारात ठेवला. टोपालोव्हने तो घेतला. त्याऐवजी राजा बी६ वर नेला असता तर हा हल्ला चालला नसता, हे आज कुणीही फोनवर पाहू शकतं. बरं, मग? हत्ती स्वीकारल्यावर जे घडलं ते पाहायला लोक तो डाव पुन्हा पुन्हा लावतात. काळा राजा ए७ वरून निघतो, ए-पट्टीने खाली उतरतो आणि ३५ व्या चालीला डी१ वर, म्हणजे थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत, येऊन ठेपतो. तिथे कास्पारोव्ह शह देत नाही. तो उंट एफ१ वर नेतो, एक शांत चाल, आणि काळ्याचा वजीर अडचणीत येतो: त्याने तो उंट मारला तर राजा वाचत नाही. सुरुवातीचा हत्ती देताना या वाटेचा अंदाज घ्यायचा होता, तोही घड्याळ चालू असताना. ‘ही चाल सर्वोत्तम होती का’ याचं उत्तर इंजिन देतं आणि अचूक देतं. समोरच्याला कोणता प्रश्न पडला आणि तो कुठे चुकला, हे त्या आकड्यात मावत नाही. लाडका डाव सांगणारा बहुधा त्याबद्दलच बोलत असतो.

(आणि गंमत म्हणजे डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला हरवलं ते १९९७ मध्ये. म्हणजे हा डाव यंत्रयुग सुरू झाल्यानंतरचा आहे.)

‘हरणारे कच्चे होते.’

एका डावाबाबत हे मान्य. पॅरिसच्या ऑपेरात १८५८ मध्ये मॉर्फीने ब्रुन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट अशा दोघांना मिळून १७ चालींत हरवलं, आणि ते दोघं हौशीच होते. बाकीच्यांचं काय? किझेरित्स्की पॅरिसमधल्या सर्वांत तगड्या खेळाडूंपैकी होता. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या फिशरने ज्याच्याविरुद्ध वजीर दिला, तो डोनाल्ड बर्न अमेरिकेच्या आघाडीच्या मास्टर्सपैकी एक. टोपालोव्ह तर पुढे २००५ मध्ये फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, विश्वविजेता झाला. एका ड्यूकच्या नावावर सगळ्यांना कच्चं ठरवणं हा आळस आहे.

‘लोकांना फक्त बलिदानं आवडतात.’

मग कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४, हा डाव इतक्या यादींत का येतो? तो हत्तींचा अंतिम टप्पा आहे, वजीर केव्हाच पटावरून गेलेले. कापाब्लांका काळ्याला शहासकट दोन प्यादी घेऊ देतो, कारण त्याला राजा पुढे न्यायचा आहे. राजा पोचतो आणि डाव संपल्यात जमा होतो. किंवा रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोस्यान, झुरिच १९५३. पेट्रोस्यानने हत्ती ई६ वर नेऊन उंटाच्या मारात उभा केला, तोही केवळ घोड्याला ई७ मार्गे डी५ वर बसता यावं म्हणून. हा डाव बरोबरीत सुटला. बरोबरीतला, मात नसलेला डाव सत्तर वर्षं लोकांच्या तोंडी राहतो, हे दाव्याच्या कुठल्या खान्यात बसवायचं?

‘शिकण्यासारखं काही नाही.’

हा तुकडा मला सर्वांत चुकीचा वाटतो. २०१३ मध्ये विक आन झीलाच विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी अरोनियनला २३ चालींत हरवलं. दोन्ही उंट पांढऱ्या राजाकडे रोखलेले, त्यांच्या जोडीला घोडे घुसवलेले. पाहणाऱ्यांना लगेच १९०७ मधला लॉड्झचा रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन डाव आठवला, आणि आनंदनेही त्या डावाचा उल्लेख केला. रुबिनस्टाइननेही काळ्याकडून असेच दोन उंट राजावर रोखले होते आणि मग वजीर दिला होता. आनंदची तयारी अर्थातच आधुनिक, इंजिनाच्या साहाय्याने केलेली. पण मोहऱ्यांची ती ठेवण ओळखीची असणं हा जुन्या डावांचा वारसा आहे, आणि तो जगज्जेत्यालाही उपयोगी पडला.

नवशिक्यासाठी तर तोच ऑपेरातला डाव पुरे. आठव्या चालीला मॉर्फीला बी७ वरचं प्यादं मिळत होतं. ते घेतलं की काळा बी४ वर वजिराने शह देऊन वजिरांची अदलाबदल करतो. पांढरा तरीही एका प्याद्याने पुढे असतो. इंजिनाला ते चालतं. मॉर्फी मात्र ते प्यादं सोडून घोडा सी३ वर आणतो. शेवटी पांढऱ्याचा हत्ती डी८ वर मात देतो तेव्हा काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती एकदाही हललेले नसतात. मोहरे लवकर बाहेर काढा, हे दहादा ऐकूनही जे पटत नाही, ते ही शेवटची स्थिती पाहून पटतं.

एवढं मात्र कबूल करतो: स्पर्धेत खेळायला बसताना १८५१ ची सुरुवात जशीच्या तशी उचलू नये. अँडरसनचा किंग्ज गॅम्बिट (सुरुवातीलाच एक प्यादं देऊ करणारी ओपनिंग) आज तयारी करून आलेल्या खेळाडूपुढे फारसं देत नाही, आणि ओपनिंगच्या तयारीला इंजिन व डेटाबेसच हवेत. पण लाडका डाव सांगणाऱ्यांपैकी कुणी ‘ही सुरुवात उद्या खेळा’ असं म्हणत नव्हतंच.