पावसाळी चाके आणि रिमवर मारलेला स्प्रे

गेल्या आठवड्यात भुसावळच्या माझ्या भाच्याने आपल्या रोड बाईकच्या दोन्ही रिमवर सिलिकॉनचा स्प्रे मारला, कारण ‘पावसाळ्यासाठी सायकलची चाके कशी निवडावीत’ असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता आणि त्यात तसे करायला सांगितले होते. संध्याकाळी गल्लीच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला, तेव्हा रबर रिमवरून नुसते घसरत राहिले आणि स्वारी कोपऱ्यावरच्या वाळूच्या ढिगात जाऊन थांबली. ढीग होता म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले. हाच मुलगा लवकरच साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणार आहे आणि त्याच संदेशाच्या आधारे नवी चाके मागवायला निघाला आहे, त्यामुळे त्यातले मुद्दे खोडून काढणे मला भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा स्प्रेचाच आहे. संदेश म्हणतो की, स्प्रेमुळे रिमवर पाणी थांबत नाही आणि ती गंजत नाही. रिम ब्रेकच्या सायकलमध्ये रिमची बाजू हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो; तिच्यावर वंगण लावणे म्हणजे ब्रेक काढून घरी ठेवणे होय. शिवाय ॲल्युमिनियमची रिम लोखंडासारखी गंजून जात नाही, ती झिजून जाते, आणि या झिजेबद्दल त्या लांबलचक संदेशात एक अक्षरही नाही. मृगाचे दोन पाऊस झाले की रावेर-यावलकडे केळीच्या बागांतून निघणारे ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, महामार्गाच्या कडेला खडीची कच साचलेली असतेच. हे सगळे पाण्याबरोबर उडून ब्रेकच्या रबरात रुतते आणि दर वेळी ब्रेक दाबताना कानशीसारखे रिमवर फिरते. भाच्याच्या मागच्या ब्रेकचे रबर मी काढून पाहिले, तर त्यात ॲल्युमिनियमचे तीन चकचकीत कपचे रुतलेले होते; ते सुईने उकरून काढावे लागले. रिमच्या बाजूला पट्टी टेकवली तेव्हा मधून उजेड दिसला, इतकी ती खोलगट झाली होती. नव्या रिमची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते, आणि पुष्कळशा रिमवर झीज ओळखण्यासाठी एक बारीक खाच किंवा टिकलीएवढा खळगा दिलेला असतो. ती खूण पुसली गेली की रिम बाद समजावी. टायरमध्ये 80 पीएसआय हवा असेल, तर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलोहून अधिक दाब त्या भिंतीला सतत बाहेर रेटत असतो. अशी रिम कन्नडचा घाट उतरताना फाटली, तर वाळूचा ढीग भेटेलच असे नाही.

‘महाग तेच टिकाऊ, म्हणून एकदाच कार्बनची चाके घ्या’ हा सल्लाही याच कारणाने फसतो. कार्बन गंजत नाही, एवढे मान्य करतो. डिस्क ब्रेक असतील तर रिम झिजण्याचा प्रश्नच उरत नाही, हेही खरे आहे. परंतु रिम ब्रेकवर चालणाऱ्या कार्बन चाकांचा ब्रेक ओल्यात ॲल्युमिनियमपेक्षा कमी लागतो, लांब उतारावर ती धोकादायक तापू शकतात, आणि कच त्यांनाही सोडत नाही. जी वस्तू झिजणारच आहे, ती स्वस्त आणि सुटी बदलता येणारी असावी, हा साधा हिशेब आहे.

‘आरे जितके कमी, तितकी तुटण्याची भीती कमी’ हे वाक्य लिहिणाऱ्याने दूधवाल्याची सायकल नीट पाहिलेली नसावी. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून खड्ड्यांतून जाणाऱ्या त्या सायकलला पुढे 32 आणि मागे 40 आरे असतात, आणि ते काही शोभेसाठी नसतात. 20 आऱ्यांच्या चाकातला एक तुटला की चाकाला एवढा आऊट, म्हणजे वाकडेपणा, येतो की रिम ब्रेकच्या रबराला घासू लागते. 32 आऱ्यांच्या चाकावर पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत सावकाश का होईना, पोचता येते. आरे स्टेनलेस स्टीलचे, साध्या वाकड्या डोक्याचे घ्यावेत आणि निपल (आरा रिममध्ये आवळणारे छोटे नट) पितळेचे असावेत, कारण ॲल्युमिनियमचे निपल ओलाव्यात गंज धरून आऱ्यावर घट्ट बसतात आणि आऊट काढायला किल्ली लावली की त्यांचे कोपरे गोल होतात.

‘सील्ड बेअरिंगला पाणी लागत नाही, वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने धुवा’ याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. रबरी सील धूळ आणि शिंतोडे अडवते. जोराचा फवारा तिच्या कडेने पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो. बादली आणि फडके पुरेसे आहे. चाकाच्या मधोमध असणारा हब सुट्या छर्ऱ्यांचा, म्हणजे कोन-छर्ऱ्यांचा, असेल तर पावसाळा संपताच तो उघडावा; मागच्या हबमध्ये सहसा एका बाजूला पाव इंची 9 छर्रे असतात, ते बदलून नवे ग्रीस भरले की काम झाले. सील्ड बेअरिंगवर 6902 यासारखा नंबर छापलेला असतो, तो दाखवून बेअरिंगच्या दुकानात दुसरे मिळते.

संदेशातला शेवटचा मुद्दा असा की, गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो, म्हणून त्यात हवा ठासून भरावी. यात अर्धे सत्य आहे. नासाच्या होर्न आणि ड्रेहर यांनी 1963 साली मांडलेल्या सूत्रानुसार टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. परंतु तेच सूत्र 64 पीएसआयला लावले तर तो वेग ताशी सुमारे 133 किलोमीटर येतो. भाच्याने लळिंग घाटात कितीही जोर लावला, तरी तो तिथवर पोचणार नाही. हवा ठासून भरल्याने टायर कडक होऊन ओल्या, खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि पकड मात्र कमी होते. त्यापेक्षा फ्रेममध्ये बसत असेल तर 28 मिलिमीटर रुंदीचा टायर घेऊन दाब थोडा उतरवावा.

भाच्याचा मागचा हब उघडून पाहिला, तो उत्तम आहे. त्यावर 32 भोकांची ॲल्युमिनियमची नवी रिम चढवायची आहे. मिस्त्रींनी शनिवारी आरे भरून आऊट काढून देतो म्हणून सांगितले आहे. तोपर्यंत त्याने पुढची रिम स्पिरिटने पुसावी, स्प्रे लागलेले चारही रबर फेकून नवे बसवावेत, आणि सायकल गल्लीच्या उताराकडे नेऊ नये.