‘एक साइज मोठा टायर टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

लातूर-नांदेडकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘पैसे वाचवायला कंपनी छोट्या गाडीला बारीक टायर देते. सरळ १९५/६५ आर १५ टाका. गाडी उंच होते, ब्रेक जागेवर लागतो, ॲव्हरेज वाढतं. आणि उन्हाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा, टायर फुटत नाही.’ सोबत उदाहरणाला स्विफ्ट दिलीय. आपणही स्विफ्टच धरू.

‘कंपनी पैसे वाचवते.’ हे अर्धं खरं आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो आणि वरच्याला १८५/६५ आर १५. म्हणजे जास्त पैसे मोजले की रुंद टायर मिळतो, यात वाद नाही. पण जरा हिशेब करा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. या हिशेबाने बारीक टायरचा पूर्ण व्यास भरतो ६१९.६ मिमी आणि रुंद टायरचा ६२१.५. दोन मिलिमीटरचाही फरक नाही! कंपनीने रुंदी वाढवली, रिम वाढवला, पण चाकाची उंची जागची हलू दिली नाही. मेसेजमधला टायर भरतो ६३४.५ मिमी. तो या दोन्हीत बसत नाही. शिवाय १४ च्या रिमवर १५ चा टायर चढतच नाही, म्हणजे चार रिमांचा खर्च वेगळा. तो मेसेजवाल्याने लिहिलेला नाही.

‘गाडी उंच होते.’ होते की. व्यास पंधरा मिमीने वाढला, तर गाडीचं पोट त्याच्या निम्म्याने वर जाणार, साडेसात मिमी. करंगळीच्या जाडीएवढंही नाही. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर तेवढ्याने काय फरक पडणार? उलट टायर आणि मडगार्डमधली फट कमी होते. मागे तिघं बसवा, डिकीत दोन पोती टाका आणि खड्ड्यातून गाडी काढा, घासल्याचा आवाज येतो का बघा. आणि आपल्या काळ्या रानाचं काय? जुलैत पाऊस पडून गेल्यावर शेताच्या रस्त्याने गाडी घातली की ती माती टायरला लगदून वर मडगार्डात थापली जाते. थर चढत जातो, चाक जड होतं, शेवटी फिरायचंच थांबतं. मग खाली उतरून काठीने उकरत बसा. ती फट त्या चिखलासाठीच लागते. मेसेज लिहिणारा बहुतेक डांबरावरूनच फिरतो.

काही जण याच नादात १९५/५५ आर १६ टाकतात. व्यास बरोबर जुळतो, ६२०.९. दिसायलाही झकास. पण रबराची उंची १३२ मिमीवरून १०७ वर येते. खड्ड्याचा दणका झेलणारं एक इंच रबर गेलं. मग रिमला पोचा बसतो नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

‘ब्रेक जागेवर लागतो.’ टायर रुंद झाला म्हणून रस्त्याला टेकणारं रबर त्या मानाने वाढत नाही. ते मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या डांबरावर वळणात थोडी पकड वाढते, हे कबूल. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि वेगात तो बारीक टायरच्या आधी पाण्यावर तरंगायला लागतो. ब्रेकची काळजी असेल तर आधी टायरची नक्षी किती उरलीय ते बघा.

‘ॲव्हरेज वाढतं.’ उलटं आहे. चाक जड आणि रुंद झालं की डिझेल-पेट्रोल जास्तच लागणार. त्यात व्यास वाढल्याने चाक कमी फेऱ्यांत तेवढंच अंतर कापतं आणि मीटर मागे राहतो. लातूर-पुणे साधारण सव्वातीनशे किलोमीटर धरा, मीटर सात-आठ किलोमीटर कमी दाखवेल. म्हणजे जेवढं घटलं त्यापेक्षाही कमी ॲव्हरेज तुम्हाला दिसेल. पिकअपही मंदावतो, तो वेगळाच.

आता हवेचं. बाकी सगळ्या थापांनी खिसा हलका होतो, ही मात्र जिवावर बेतू शकते. ‘गरमीने हवा फुगते, म्हणून आधीच कमी भरा’ हे ऐकायला पटतं. पण कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, बाजूचं रबर सतत वाकतं आणि त्या वाकण्यानेच तो तापतो. समृद्धीवर जालन्याहून निघालात, सिमेंटचा रस्ता, मे महिन्याचं दुपारचं ऊन, गाडीत पाच माणसं आणि काटा शंभरच्या पुढे. अशा वेळी कमी हवेचा टायर फुटायची शक्यता वाढते, घटत नाही. चालून तापल्यावर चार-पाच पॉइंट वाढणारच, ते कंपनीने हिशेबात धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. सकाळी, गाडी चालवायच्या आधी तेवढी भरा, आणि भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या. तापलेल्या टायरातली हवा कमी करू नका.

साइज खरंच बदलायची असेल, तर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची साइज त्याच मापाच्या रिमसकट घ्या. साइजच्या पुढे ८२ किंवा ८५ असा आकडा असतो, तो वजनाचा. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५. जुन्या टायरवर आहे त्यापेक्षा कमी आकड्याचा नको, मग दुकानदार कितीही सूट देवो. आणि स्टेपनीचं विचारा. चार टायर मोठे आणि डिकीत जुना बारीक, असं असेल तर अहमदपूरच्या पुढे रात्री पुढचं चाक पंक्चर झाल्यावर पुढच्या दोन चाकांची उंची वेगळी पडते, गाडी एका बाजूला ओढते आणि दुकान सापडेपर्यंत हळूहळूच जावं लागतं.