युद्धाला चारच ओळी का?

नमस्कार. मामांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की युद्ध लढलेल्या माणसाच्या आयुष्यात युद्धाला चार ओळी आणि राजमाचीला चार परिच्छेद देणं हा जवानाचा अपमान आहे. शिवाय दर रविवारी डोंगरात जाणाऱ्याला कुटुंबवत्सल म्हणू नये, असंही. तुमचे वडील १९६५ साली काश्मीरमधल्या हाजीपीर खिंडीच्या लढाईत होते हे वाचलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे. १७६८ साली उभी राहिलेली ही जंगी पलटण. डिसेंबर १९७१मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, ती ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पिछाडीला, टांगाईलच्या रस्त्यावर मोर्चे खणून बसली. शरण या, असं पत्र आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी धाडलं, तर जमालपूर राखणाऱ्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री बलुच वेढा फोडून निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. सकाळी जमालपूर पडलं, ढाक्याची उत्तरेकडची वाट मोकळी झाली.

हे छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. मामांच्या तोंडून मी यातलं अक्षरही ऐकलेलं नाही. ते बोलले ते इतकंच: थंडी होती, बूट दिवस दिवस ओले असायचे, शेजारच्या मोर्चातला पोरगा साताऱ्याकडचा होता, आणि त्याचं नाव विचारू नकोस. या त्या चार ओळी. छापील मजकूर त्यांच्या तोंडी घालून मी त्या वाढवल्या असत्या, तर तो खरा अपमान झाला असता.

आणि राजमाचीत युद्ध नाही, असं तुम्हाला कशावरून वाटलं? शनिवारी रात्री चिंचपोकळीहून शेवटची कर्जत पकडायची, उजाडता उजाडता राजमाची गडाच्या पायथ्याशी, कोंदिवड्यात पोचायचं. तिथे मामा आम्हा सगळ्या पोरांना ओळीने बसवून बूट काढायला लावत. प्रत्येकाची टाच हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघत. कुठे लाल दिसलं तर चिकटपट्टी लावून वर कोरडा मोजा, आणि तोही स्वतः घालणार. आम्ही कंटाळायचो, त्यांना घाई नसे. चढताना ते कायम सगळ्यांत मागे. वर पोचल्यावर शेवटच्या पोराने पाणी प्यायल्याशिवाय स्वतःची बाटली उघडत नसत. उतरून कर्जतच्या फलाटावर पुन्हा डोकी मोजायची, गाडी सुटत असली तरी. एकदा एक जण वडापाव घ्यायला मागे राहिला होता, तेव्हा मामांनी समोरची लोकल सोडली आणि त्याला एका शब्दानेही रागावले नाहीत. फक्त त्याचा खांदा घट्ट धरून उभे राहिले, पुढची गाडी येईपर्यंत. मी तेव्हा दहावीत असेन. तो हात बघून मला जे कळलं, ते कुठल्याही छापील पानात मिळालेलं नाही.

कुटुंबाचं म्हणाल तर मामींनी पेन्शनपुरती पंधरा वर्षं गावी एकटीने काढली. मामा परतले, बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिले, दोन मुली शिकवल्या. रविवारी त्या मुलीही आमच्याबरोबर असत. चाळीतली खोली निदान एक दिवस मोकळी मिळते म्हणून मामीच डबे भरून आम्हाला पिटाळत. त्यांना विचारूनच मी ‘कुटुंबवत्सल’ लिहिलं, तो शब्द काढणार नाही.

तुमचा राग मला समजतो. रक्त सांडून घेतलेली हाजीपीरची खिंड ताश्कंद करारानंतर परत द्यावी लागली. ज्यांनी ती घेतली त्यांच्या घरी युद्धाबद्दल मोठ्याने बोललं जावं असं वाटणारच. तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं असेल तर लिहा. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच लिहा, मी अगदी मनापासून वाचेन. मामांच्या लेखातल्या चार ओळी मात्र चारच राहतील.